पारदर्शक द्रव आहार

पारदर्शक द्रव आहार म्हणजे ज्यातून आरपार पाहता येते आणि पचनानंतर ज्यांचा चोथा आतड्यात उरत नाही, अशाच द्रवांपुरता मर्यादित ठेवलेला, वैद्यकीय कारणासाठी अल्पकाळ घ्यावयाचा आहार होय. पाणी, साखरपाणी, गाळलेले लिंबू सरबत, शहाळ्याचे पाणी, कोरा चहा, तेल-तूप नसलेले गाळीव सूप, जलसंजीवनी (ओआरएस) ही या आहारातील प्रमुख पेये आहेत. भूल देण्यापूर्वीचे तास, मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीचा आदला दिवस, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा आरंभीचा काळ आणि तीव्र उलट्यांनंतर पोट स्थिरावण्याची वेळ, अशा प्रसंगी तो दिला जातो. पोषणाच्या दृष्टीने हा आहार अपुरा असून वैद्यकीय देखरेखीवाचून तो एक-दोन दिवसांपेक्षा अधिक चालू ठेवत नाहीत.

संज्ञा

मराठीत रुग्णाच्या आहाराबद्दल बोलताना ‘पातळ’ हा शब्द सर्रास वापरला जातो आणि बहुतेक घोटाळ्यांचे मूळ या शब्दात आहे. पातळ म्हणजे वाहणारे. ताक, दूध, वरणाचे पाणी, नाचणीची आंबील, भाताची पेज हे सारे पातळ आहे. परंतु त्यांपैकी एकही पारदर्शक नाही. आहारशास्त्रात पूर्ण द्रव आहार आणि पारदर्शक द्रव आहार असे दोन निराळे प्रकार मानतात. दूध, ताक, आंबील, घुसळलेली सूपे ही पहिल्या प्रकारात मोडतात, दुसऱ्यात नाहीत.

अर्थाच्या जवळ जाणारा जुना मराठी शब्द ‘निवळ’ हा आहे. गढूळ पाणी स्थिर ठेवले की गाळ तळाशी बसतो आणि वर स्वच्छ थर राहतो, त्या क्रियेला निवळणे म्हणतात. पाणी निवळण्यासाठी ज्या झाडाच्या बिया भांड्याच्या आतील बाजूस घासतात, त्या झाडाचे नावही निवळी असेच आहे. ‘निवळ द्रव आहार’ ही संज्ञा रूढ झाली असती, तर रुग्णांना सूचना समजावणे अधिक सोपे गेले असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. रुग्णालयांच्या छापील सूचनांत मात्र ‘क्लिअर लिक्विड’ हे इंग्रजी शब्दच देवनागरीत आढळतात.

कोणते द्रव चालतात

घरगुती कसोटी सोपी आहे. द्रव काचेच्या पेल्यात घ्यावा आणि पेल्यामागे छापील मजकूर धरावा. अक्षरे वाचता आली तर द्रव पारदर्शक समजावा. रंग असण्यास हरकत नाही, गढूळपणा नसावा. कोरा चहा तपकिरी असूनही चालतो, दुधाचा चहा चालत नाही.

चहाचा मुद्दा विस्ताराने सांगावा असा आहे. महाराष्ट्रात नुसते ‘चहा’ म्हटले की दुधाचाच चहा समजला जातो. पाश्चात्त्य सूचनापत्रकाच्या भाषांतरात ‘चहा-कॉफी चालेल’ एवढेच राहिले, तर रुग्ण निर्धास्तपणे सकाळचा नेहमीचा कप घेतो. युरोपातील काही मार्गदर्शक तत्त्वांनी एकूण पेयाच्या पाचव्या हिश्शापर्यंत दूध असलेल्या चहाला भुलेपूर्वी सवलत दिली आहे. आपल्याकडील निम्मे दूध घालून उकळलेल्या चहाला ती लागू पडत नाही. म्हणून सूचना देणाऱ्याने ‘कोरा चहा, दुधाचा थेंबही नको’ असे स्पष्ट सांगणे आवश्यक ठरते.

सरबतांपैकी लिंबाचे सरबत बारीक गाळणीतून गाळल्यास चालते. जिऱ्याचे किंवा धन्याचे उकळून गाळलेले पाणी, खडीसाखरेचे पाणी, ग्लुकोजचे पाणी, गाळीव सफरचंदाचा रस हेही चालतात. मोसंबी-संत्र्याच्या रसात गर असतो, उसाचा रस गढूळ असतो आणि पन्हे तर कैरीच्या गराचेच असते. ही तिन्ही वर्ज्य आहेत. कोकम सरबत पारदर्शक असले तरी त्याचा लाल रंग आतड्याच्या तपासणीत अडचणीचा ठरतो. डाळिंबाचा रस, बीटचे सूप आणि गुलाबी-लाल तयार सरबते यांनाही हाच आक्षेप आहे. मद्य दिसायला पारदर्शक असले तरी या आहारात बसत नाही.

पाश्चात्त्य याद्यांत जेलीला मानाचे स्थान असते, कारण ती शरीराच्या उष्णतेने वितळून द्रव होते. ती बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनची असते, हे शाकाहारी रुग्णास आधी सांगितले पाहिजे. मांसाहारी घरांत हाडांचे सूप करून थंड करावे, वर साकळलेली चरबी काढून टाकावी आणि उरलेले सूप फडक्यातून गाळून पुन्हा गरम करावे. वरणाच्या वरच्या पाण्याबद्दल याद्यांत एकमत नाही. काही भारतीय आहारपत्रकांत गाळलेले डाळीचे पाणी पारदर्शक मानले जाते. परंतु त्यात डाळीचे सूक्ष्म कण आणि हळद राहतात. म्हणून तपासणी किंवा भूल असेल, तर ते टाळणेच योग्य.

शरीरात काय घडते

जठर घन अन्न तसेच पुढे सोडत नाही. ते घुसळून बारीक झाल्यावरच थोडेथोडे लहान आतड्यात जाते आणि या कामास कित्येक तास लागतात. पाण्याचे तसे नाही. प्यालेल्या पाण्याचा निम्मा भाग साधारणपणे १० ते २० मिनिटांत जठराबाहेर पडतो. साखर घातलेल्या पाण्यास थोडा अधिक वेळ लागतो. दूध तोंडातून द्रव म्हणून जाते खरे, पण जठरातील आम्लाने ते फाटते आणि त्याच्या गाठी होतात. म्हणजे पोटात पोहोचल्यावर दूध घन अन्नासारखे वागते. दुधाला पारदर्शक द्रवांतून वगळण्याचे खरे कारण त्याचा पांढरा रंग नसून हे फाटणे आहे.

या आहाराचा दुसरा गुण असा की पाणी, साखर आणि क्षार लहान आतड्यातच शोषले जातात आणि मोठ्या आतड्याकडे जाण्यास फारसे काही शिल्लक राहत नाही.

भूल आणि उपाशी पोट

भूल दिल्यावर खोकल्याची व गिळण्याची संरक्षक प्रतिक्रिया मंदावते. अशा वेळी जठरातील अन्न किंवा आम्ल वर येऊन श्वासनलिकेत उतरले तर फुफ्फुसांस गंभीर इजा होते आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. भुलेच्या इतिहासाच्या आरंभापासून हा प्रश्न सोबत आहे. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म दिल्यावर दगावली. तिला शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात घातलेले पाणी व ब्रँडी हेच मृत्यूचे कारण असावे, असे क्लोरोफॉर्मचे पुरस्कर्ते जेम्स सिम्प्सन यांचे म्हणणे होते. जोसेफ लिस्टर यांनी १८८३ मध्ये लिहिताना घन पदार्थ आणि द्रव यांत स्पष्ट भेद केला होता: जठरात घन अन्न नसावे, मात्र क्लोरोफॉर्मच्या सुमारे दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचे पातळ सूप देण्यास हरकत नाही.

पुढे हा भेद पुसला गेला. कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये बाळंतपणात भूल दिलेल्या स्त्रियांच्या फुफ्फुसांत जठरातील द्रव्य उतरल्याच्या ६६ घटनांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या काळात ‘रात्री बारानंतर तोंडाने काहीही नाही’ हा नियम जगभर रूढ झाला. नियम लक्षात ठेवण्यास सोपा होता, पण त्याची किंमत रुग्ण मोजत असे. शस्त्रक्रिया दुपारी चार वाजता असली तरी वृद्ध माणूस आणि तान्हे मूल सोळा-सोळा तास पाण्यावाचून राहत.

अमेरिकी भूलतज्ज्ञ संघटनेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि नंतर वेळोवेळी सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी लिस्टर यांचा भेद पुन्हा प्रस्थापित केला. त्यांनुसार निरोगी व्यक्तीस नियोजित भुलेच्या २ तास आधीपर्यंत पारदर्शक द्रव घेता येतात. आईच्या दुधासाठी ४ तास, इतर दूध व हलक्या आहारासाठी ६ तास आणि तळलेल्या किंवा स्निग्ध जेवणासाठी ८ तास वा अधिक अंतर सांगितले आहे. मुलांच्या बाबतीत युरोपात पारदर्शक द्रवांसाठी १ तासाचे अंतरही पुरेसे मानले जाऊ लागले आहे. हे आकडे तातडीच्या शस्त्रक्रियेस लागू नाहीत. गर्भवती स्त्रिया, आतड्यात अडथळा असलेले रुग्ण आणि दीर्घकालीन मधुमेहामुळे ज्यांचे जठर मंदावले आहे असे रुग्ण यांच्याबाबत भूलतज्ज्ञ वेगळा निर्णय घेतात. वजन व साखर कमी करण्यासाठी अलीकडे वापरात आलेली सेमाग्लुटाइडसारखी औषधे जठर रिकामे होण्याची गती कमी करतात. ती चालू असल्यास भूलतज्ज्ञास आधी सांगावे. अशा काही रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी पूर्ण दिवस द्रव आहार देतात.

‘उपाशी पोटी या’ या वाक्याचा आपल्याकडे आणखी एक अर्थ होतो. उपवास म्हटल्यावर साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, केळी, दूध ही सारी फराळाची चालतात, असा संस्कार घराघरांत आहे. एकादशीचा उपवास आणि भुलेपूर्वीचा उपवास यांचा परस्परांशी संबंध नाही. खिचडी खाऊन आलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. त्याहून वाईट म्हणजे, रागावतील म्हणून रुग्ण खाल्ल्याचे सांगतच नाही. खाल्ले असल्यास ते सांगणे हा रुग्णाच्या जिवाच्या सुरक्षेचा भाग आहे.

कोलोनोस्कोपीची पूर्वतयारी

मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून आतील आवरण पाहण्याच्या तपासणीस कोलोनोस्कोपी म्हणतात. गुदद्वारावाटे रक्त जाणे, दीर्घकाळचे जुलाब, रक्तक्षय, कर्करोगाची शंका अशा कारणांसाठी ती करतात. आतड्यात मळ राहिला तर त्याखाली दडलेली लहान गाठ (पॉलिप) दिसत नाही. याच गाठींपैकी काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते, म्हणून पूर्वतयारीतील हयगय केवळ गैरसोयीची नसते. तयारी अपुरी निघाल्यास तपासणी पुन्हा करावी लागते. रजा, प्रवास आणि खर्च दुसऱ्यांदा होतो.

बियांची फळे, भेंडी, टोमॅटो, शेंगदाणे, तीळ, पालेभाज्या हे पदार्थ सहसा काही दिवस आधीच बंद करतात. आदल्या दिवशी पारदर्शक द्रव आणि सोबत पॉलिएथिलीन ग्लायकॉलयुक्त रेचक द्रावण, असा परिपाठ आहे. द्रावण दोन भागांत घेणे अधिक परिणामकारक ठरते: निम्मे आदल्या संध्याकाळी आणि निम्मे तपासणीच्या काही तास आधी. आदल्या दिवशी दुपारपर्यंत कमी चोथ्याचे हलके अन्न, उदाहरणार्थ मऊ पांढरा भात, अनेक रुग्णांना देता येते, असे आता मानले जाते. मात्र प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांचे पत्रक पाळावे. लाल व जांभळी पेये वर्ज्य करण्याचे कारण असे की आतड्याच्या आवरणावर त्यांचा रंग रक्तासारखा भासू शकतो.

खेड्यातील रुग्णापुढील अडचणी

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात असलेल्या शिरड शहापूरसारख्या गावातून विचार केला की छापील पत्रकात न आलेल्या गोष्टी दिसू लागतात. दुर्बीण तपासणी बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा नांदेडसारख्या शहरात होते. सकाळी नऊची वेळ मिळाली तर रेचकाचा दुसरा भाग पहाटे घ्यावा लागतो आणि त्यानंतरचे काही तास शौचालयाच्या जवळ राहणे भाग असते. एसटीच्या प्रवासात ते शक्य नाही. अशा रुग्णाने वेळ ठरवतानाच आपले गाव व प्रवासाचा अवधी सांगावा, दुपारची वेळ मागावी किंवा आदल्या रात्री शहरात मुक्काम करावा. शौचालय घरापासून दूर असेल तर वृद्ध रुग्णासोबत रात्री कोणीतरी जागे असावे, कारण वारंवारच्या जुलाबाने चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो.

शिरड शहापूर हे मल्लिनाथ दिगंबर जैन अतिशय क्षेत्रासाठी ओळखले जाते. सूर्यास्तानंतर अन्न-पाणी न घेण्याचे व्रत पाळणाऱ्या जैन रुग्णास संध्याकाळचे रेचक आणि त्यानंतरचे पाणी ही व्रताची अडचण वाटते. अशा वेळी रुग्ण मनातल्या मनात तोडगा काढतो आणि पाणी कमी पितो. रेचक घेऊन पाणी कमी पिणे धोक्याचे आहे. वेळापत्रक दिवसा बसवता येईल का, हे आधीच विचारल्यास बहुतेक डॉक्टर मार्ग काढतात. उकळून गाळलेले पाणी, खडीसाखरेचे पाणी, लिंबाचे गाळलेले सरबत यांवर हा आहार निभावता येतो. मध, जिलेटिन किंवा कंदमुळांचे सूप यांची गरज पडत नाही. रमजानमधील रोजे पाळणाऱ्या रुग्णांनीही तपासणीची तारीख ठरवताना तसे सांगावे.

हिंगोली जिल्हा हळदीच्या पिकासाठी प्रसिद्ध असल्याने येथे एक साधी गोष्टही सांगावी लागते. घरच्या सूपात आणि काढ्यात हळद सहज पडते. या आहारात ती नको. तिचे कण गाळणीतून सुटतात आणि द्रव गढूळ करतात.

आयुर्वेदातील समांतर कल्पना

रुग्णाला क्रमाने द्रवापासून घन अन्नाकडे नेण्याचा विचार भारतात प्राचीन आहे. चरकसंहितेत वमन-विरेचनानंतर पेया, विलेपी, यूष अशा पायऱ्यांनी जठराग्नी पूर्ववत करण्याचा संसर्जनक्रम सांगितला असून शुद्धी उत्तम झालेली असेल तर तो सात दिवस चालतो. शार्ङ्गधरसंहितेनुसार मंड हा तांदळाच्या चौदापट पाण्यात शिजवतात आणि त्यात शिते नसतात. पेयेत थोडी शिते असतात, विलेपीत ती पुष्कळ असतात. साळीच्या लाह्यांचे पाणी उलटीत देण्याची घरगुती पद्धत याच परंपरेतील आहे. तापातील तहानेसाठी चरकाने सांगितलेले षडंगोदक, म्हणजे नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा व सुंठ यांचे उकळून गाळलेले पाणी, हे तर आजच्या व्याख्येच्याही जवळ येते.

तरी दोहोंचा हेतू भिन्न आहे. संसर्जनक्रम पचनशक्ती वाढवत नेण्यासाठी आहे, पारदर्शक द्रव आहार जठर व आतडे रिकामे ठेवण्यासाठी. मंड पचायला हलका असला तरी पिष्टामुळे तो दुधाळ दिसतो. त्यामुळे भुलेपूर्वीच्या दोन तासांच्या सवलतीत त्याला धरता येत नाही.

पोषणमूल्य आणि धोके

दोन लिटर सरबतात शेकडा ५ प्रमाणात साखर घातली तर १०० ग्रॅम साखर, म्हणजे ४०० किलोकॅलरी मिळतात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सुमारे ३३५ किलोकॅलरी मिळतात हे ध्यानात घेता, दिवसभर पेले रिचवूनही रुग्णाच्या पदरी एक-दोन भाकऱ्यांएवढीच ऊर्जा पडते. प्रथिने जवळजवळ शून्य असतात. थकवा, डोकेदुखी आणि चिडचिड हे त्याचे अपेक्षित परिणाम आहेत. वजन घटवण्यासाठी किंवा ‘शरीरशुद्धी’ म्हणून हा आहार आपल्या मनाने लांबवणे अयोग्य आहे. त्यात स्नायूंचा ऱ्हास होतो.

सर्वांत मोठा धोका मधुमेही रुग्णास असतो. जेवण बंद आणि इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी मात्र नेहमीप्रमाणे, असे झाल्यास रक्तातील साखर घातक पातळीपर्यंत खाली येते. उलट, सारी औषधे आपणच बंद केल्यास ती वाढते. म्हणून औषधाच्या मात्रेविषयी लेखी सूचना घ्यावी, साखर वारंवार तपासावी आणि सर्वच पेये बिनसाखरेची ठेवू नयेत. घाम, थरथर, धडधड, घाबरे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे दिसताच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. असे द्रावण पारदर्शकच असते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

नुसते साधे पाणी भरपूर पिऊन रेचक घेतल्यास रक्तातील सोडियम घटू शकते, यासाठी क्षारयुक्त द्रवही घ्यावेत. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अल्प असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. हृदयविकारात एकूण पाण्यावरच मर्यादा असू शकते. पोट फुगले आहे, उलट्या थांबत नाहीत, वायू सरत नाही, अशी लक्षणे असताना घरच्या घरी सरबते पाजत बसू नये. तो आतड्यातील अडथळा असू शकतो.

जुलाबातील गैरसमज

बालकास जुलाब होत असताना त्याला केवळ सरबत-चहावर ठेवणे चुकीचे आहे. जलसंजीवनी हा आहार नसून उपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार १ लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी पटकीच्या रुग्णांवर तोंडाने द्यावयाच्या अशा द्रावणाचा व्यापक वापर करून दाखवला. बाटलीबंद गोड पेयांत साखर जास्त व क्षार कमी असतात. त्यांनी जुलाब वाढू शकतात. जलसंजीवनी देत असतानाच अंगावरचे दूध आणि वयानुरूप मऊ अन्न चालू ठेवावे.

नेहमीच्या आहाराकडे

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर वायू सरेपर्यंत काही न देणे, मग पारदर्शक द्रव, मग पूर्ण द्रव, मग मऊ भात अशी चढती पायरी बराच काळ प्रमाण मानली जात होती. आता अनेक शस्त्रक्रियांनंतर रुग्णास लवकर खाऊ देणे हितकर ठरते असे दिसून आले आहे, आणि सौम्य स्वादुपिंडदाहातही पहिले जेवण कमी स्निग्धांशाच्या घन अन्नाचे असू शकते. कोलोनोस्कोपीनंतर भुलेचा अंमल उतरला आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की बहुतेकांना त्याच दिवशी हलके जेवण घेता येते. गाठ काढली असल्यास आहाराविषयी व प्रवासाविषयी वेगळी सूचना मिळू शकते. ती घरी परतण्यापूर्वी लिहून घ्यावी.